पडद्यावरचे पान आणि त्याची मांडणी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांच्या मनात एक शंका येऊन गेली असेल. संगणकाच्या पडद्यावर जी पाने दिसतात त्यांची मांडणी कशी करावी, हा काय जाहीर व्याख्यानाचा विषय झाला? तो त्या धंद्यातल्या कारागिरांनी आपसात बोलावा. आम्हां नागरिकांना त्याच्याशी काय कर्तव्य? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर देऊनच पुढे जाणे बरे.

पूर्वी सरकारदरबारी किंवा बँकेत काम पडले म्हणजे आपण खिडकीपुढे उभे राहत असू. खिडकी उंच असली तर टाचा उंचावत असू; आतल्या कारकुनाला ऐकू गेले नाही तर मोठ्याने बोलत असू. आता पुष्कळशा कामांची खिडकी म्हणजे हातातल्या फोनचा पडदा झाला आहे. रेल्वेचे तिकीट, विजेचे बिल, सातबाराचा उतारा, परीक्षेचा अर्ज ही सारी कामे त्या चार-सहा बोटे रुंदीच्या पडद्यावर होतात. या खिडकीपुढे टाचा उंचावून भागत नाही आणि मोठ्याने बोलून उपयोग नाही. अर्ज पाठवण्याचे बटण पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे गेले, की ती खिडकी त्या माणसापुरती बंद झाली. बटण कोठे बसते, अक्षर केवढे दिसते, दोन ओळींत किती जागा राहते, हे सारे मांडणीने ठरते. तेव्हा हा विषय कारागिरांचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक, आपला आहे.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे : पडद्यावरच्या पानाची मांडणी ही मुख्यतः सोयीची गोष्ट आहे, शोभा तिच्या मागून येते, आणि मांडणी करणाराने आपले माप वाचकावर लादू नये, वाचकाच्या मापाला पान वळू द्यावे. हे सूत्र ऐकायला सोपे वाटते. ते पाळणे का अवघड पडते, आणि ते पाळण्याची साधने कोणती, याचाच विचार आता करू.

छापखान्यातला जुना जुळारी खिळे जुळवीत असे तेव्हा त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : कागद केवढा आहे. समास किती, ओळीची लांबी किती, दोन ओळींच्या मध्ये शिशाची पट्टी किती जाडीची घालावयाची, हे एकदा ठरले की पुस्तकाची हजार प्रत सारखी निघे. पडद्यावरच्या पानाचे तसे नाही. ते पान कोठल्या पडद्यावर उघडेल हे मांडणी करणाराला ठाऊक नसते. कोणी ते हातभर रुंदीच्या पडद्यावर पाहील, कोणी तळहातावर. कोणाची नजर तरुण असेल, कोणाला चाळिशी लागली असेल, आणि कोणाला मुळीच दिसत नसल्यामुळे तो ते पान यंत्राकडून वाचून घेत असेल. जुळाऱ्याला एका कागदाचे उत्तर द्यावयाचे असे. याला अगणित कागदांचे द्यावयाचे आहे. या दोन धंद्यांतला हा मूळ फरक ज्याने ओळखला नाही, त्याने केलेली मांडणी त्याच्या स्वतःच्या मेजावरच तेवढी चांगली दिसते.

गमतीची गोष्ट अशी की या विद्येच्या आरंभी हा फरक सर्वांना मान्य होता. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन-संस्थेत १९८९ साली वेबची पहिली योजना मांडली. पुढे त्यांनी पाने लिहिण्यासाठी जी भाषा सिद्ध केली, ती एचटीएमएल. या भाषेत लेखक एवढेच सांगे की हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. मथळा किती मोठा दिसावा, यादी किती आत सरकावी, हे वाचकाजवळचा ब्राउझर आपल्या पडद्याला जुळेल असे ठरवी. पान साधे दिसे. परंतु ते कोठेही मावे.

पुढे वेबवर व्यापार आला, जाहिराती आल्या आणि पान रुबाबदार दिसावे अशी हौस आली. ती हौस वाईट होती असे नाही. साधने मात्र नव्हती. म्हणून कारागिरांनी एक युक्ती काढली. आकडे मांडण्यासाठी जो तक्ता भाषेत दिला होता, त्याच्याच रकान्यांत सारे पान कोंबावयाचे : डाव्या रकान्यात यादी, मधल्यात मजकूर, उजव्यात जाहिरात. जागा सोडावयाची असेल तेथे डोळ्यांना न दिसणारे एक पारदर्शक चित्र ताणून बसवावयाचे. दिसायला पान सुबक झाले. पण ज्या अंध वाचकाचे यंत्र तक्ता रकान्यामागून रकाना वाचीत जाई, त्याच्या कानावर जाहिरात, बातमी आणि यादी यांची खिचडी पडू लागली. पान एका मापाचे झाले, आणि ज्यांचे माप त्याहून निराळे ते बाहेर राहिले.

या दुखण्यावरचा उपाय एका नॉर्वेजियन गृहस्थांनी सुचविला. हॉकन विउम ली हे त्यांचे नाव. तेही त्या वेळी सर्नमध्येच होते. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी एक प्रस्ताव प्रसिद्ध केला, आणि पुढे बर्ट बॉस या डच सहकाऱ्याच्या साहाय्याने तो आकाराला आणला. मजकूर एका कागदावर आणि त्याचा वेष दुसऱ्या कागदावर, ही त्यातली मुख्य कल्पना. या दुसऱ्या कागदाला आपण शैलीपत्रक म्हणू. कारागीर त्याला सीएसएस म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मान्य झाली, दुसरी मे १९९८ मध्ये.

या प्रस्तावातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि आम्हांला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. एखाद्या अक्षराचा आकार काय असावा याबद्दल तीन पक्षांना बोलण्याचा अधिकार दिला आहे : ब्राउझर, लेखक आणि वाचक. तिघांचे म्हणणे निरनिराळे पडले तर कोणाचे चालावे याचे नियम घालून दिले आहेत. सामान्यतः लेखकाचे म्हणणे वाचकाच्या वर चालते. परंतु एखाद्याने आपल्या म्हणण्यावर 'हे महत्त्वाचे' असा शिक्का मारला तर काय? पहिल्या आवृत्तीत अशा वेळीही लेखक जिंकत असे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो क्रम उलटला, आणि दोघांनीही शिक्का मारला असेल तेव्हा वाचकाचा शब्द शेवटचा ठरला. कारण सरळ होते. ज्याला बारीक अक्षर दिसतच नाही, त्याच्या अडचणीपुढे लेखकाच्या आवडीने माघार घ्यावी. नियमांच्या त्या रूक्ष जंजाळात माणुसकीचा एवढा मोठा निर्णय दडलेला आहे.

आता आपण आजच्या कारखान्याकडे वळू. हल्ली मोठे संकेतस्थळ कोणी एकेक पान हाताने लिहून करीत नाही. त्यासाठी तयार चौकटी मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. घर बांधणाऱ्याला दारे-खिडक्यांच्या चौकटी तयार मिळाव्यात, तसाच हा प्रकार. अशा चौकटी पुष्कळ आहेत. आम्ही उदाहरणासाठी जँगो ही चौकट घेतो, आणि ती घेण्याला कारणही आहे : तिचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकासाठी काम करताना एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ साली ती रचावयास घेतली. बातमीदाराला उद्याची बातमी आज हवी असते. तेव्हा पाने झपाट्याने तयार करता येणे ही त्यांची रोजची गरज होती. जुलै २००५ मध्ये ही चौकट सर्वांसाठी खुली झाली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव तिला दिले आहे.

या चौकटीत मांडणी कशी होते ते पाहा. प्रथम एक मूळ साचा लिहावयाचा. त्यात वरची नामपट्टी, बाजूची यादी, तळटीप असे सारे सामाईक भाग येतात, आणि मधे काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडलेल्या असतात. प्रत्येक रिकाम्या जागेला एक नाव असते. मग बाकीची पाने एवढेच सांगतात, की आम्ही या मूळ साच्याचे वारस आहोत, आणि अमुक नावाच्या जागेत आमचा अमुक मजकूर भरा. दैनिकाचे उदाहरण घ्या : नामपट्टी रोज तीच, स्तंभ रोज तेच, बातम्या तेवढ्या नव्या. जँगोच्या कर्त्यांनी आणखी एक दंडक घातला. साच्याच्या भाषेने पान कसे दिसावे एवढेच सांगावे. हिशेब, नोंदी, निर्णय यांची कामे दुसरीकडे व्हावीत. त्यामुळे मांडणी करणाराला कार्यक्रम-रचनेत पारंगत असण्याची जरूर उरत नाही, आणि कार्यक्रम लिहिणाराला रंगसंगतीत लुडबूड करण्याचे कारण उरत नाही.

वारसाहक्काच्या या पद्धतीत लाभ मोठा, तशी जबाबदारीही मोठी. मूळ साच्यात एक सुधारणा केली की हजार पाने सुधारतात. आणि तेथे एक चूक राहिली की हजार पाने चुकतात. याचे एकच उदाहरण देतो. २००७ साली आयफोन बाजारात आला तेव्हा बहुतेक पाने मोठ्या पडद्यासाठी केलेली होती. म्हणून त्या फोनचा ब्राउझर आपण ९८० बिंदू रुंद आहोत असे सोंग घेई आणि सारे पान आकसून दाखवी. 'सोंग घेऊ नकोस, आपली खरी रुंदी सांग' असे बजावण्यासाठी पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहावी लागते. आजही ती ओळ मूळ साच्यात नसली तर फोनवर सारे संकेतस्थळ मुंगीच्या अक्षरांत दिसते. दुसरे काही लोक ती ओळ लिहितात. पण तिच्याच शेजारी 'वाचकाला पान मोठे करू देऊ नये' असा हुकूमही लिहून ठेवतात. कारण काय, तर मोठे केल्यावर आमची मांडणी बिघडते! २०१६ साली आयफोनच्या दहाव्या प्रणालीपासून त्याच्या ब्राउझरने असा हुकूम मानणेच सोडून दिले. वाचकाचा शब्द शेवटचा, हे तत्त्व तेथे पुन्हा एकदा प्रस्थापित करावे लागले.

खुद्द चौकटीच्या पोटातही जुन्या सवयी कशा टिकून राहतात ते पाहण्याजोगे आहे. जँगो आपल्याला अर्जाचे नमुने तयार करून देते : नाव, पत्ता, जन्मतारीख वगैरे. हे नमुने काही वेगळे न सांगितल्यास कित्येक वर्षे तक्त्याच्या रकान्यांतच मांडले जात असत. ऑगस्ट २०२२ मधील ४.१ या आवृत्तीत साध्या विभागांत मांडण्याची नवी सोय आली. एकत्र असणाऱ्या प्रश्नांचा गट आणि त्या गटाचे नाव तीत नीट सांगितले जाते, म्हणून वाचून दाखवणारी यंत्रे वापरणाऱ्यांना ती सोपी पडते. डिसेंबर २०२३ मधील ५.० या आवृत्तीपासून हीच पद्धत रूढ ठरली. म्हणजे तक्त्याची जी युक्ती १९९६ पासूनच कालबाह्य व्हावयास हवी होती, ती इतक्या चांगल्या चौकटीतही २०२३ पर्यंत वहिवाटीने नांदत होती. एखादी गोष्ट 'आपोआप' होते असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणीतरी कधीतरी ठरवलेली असते, एवढे ध्यानात ठेवावे.

साचा झाला; आता त्याला वेष कसा द्यावयाचा? शैलीपत्रकात मांडणीची दोन मोठी साधने आहेत. पहिल्याचे नाव फ्लेक्सबॉक्स. त्याचे काम आपल्या पंगतीसारखे आहे. पाट एका ओळीत मांडावयाचे. पाहुणे थोडे असले तर पाटांमध्ये मोकळी जागा सोडावयाची, जास्त झाले तर थोडे सरकून घ्यावयाचे, आणि भिंत लागली की पुढची पंगत धरावयाची. दुसऱ्याचे नाव ग्रिड. ते ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चालते : आधी उभ्या-आडव्या ओळींचे ठिपके घालावयाचे, आणि मग कोणता आकार कोठल्या ठिपक्यापासून कोठल्या ठिपक्यापर्यंत, हे सांगावयाचे. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांनी ग्रिडला एकाच महिन्यात आसरा दिला. तक्त्याचा दुरुपयोग करण्याला त्यानंतर काही सबबच उरली नाही.

या दोन साधनांना तिसरी एक जोड आहे. पडदा अमुक रुंदीहून मोठा असेल तर यादी बाजूला ठेव, नाही तर ती मजकुराच्या वर घे, अशा सशर्त आज्ञा शैलीपत्रकात लिहिता येतात. मे २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी एका लेखात ही रीत सुसंगतपणे मांडली, आणि पडद्याप्रमाणे वळणारी मांडणी हा पुढे सर्वमान्य प्रघात झाला. येथे एक सावधगिरी मात्र हवी. या साधनांनी लिहिलेला क्रम न बदलता दिसणारा क्रम बदलता येतो. डोळ्यांनी वाचणाराला तिसरे बटण पहिले दिसते. परंतु कळफलकाने चालणाराला आणि कानांनी ऐकणाराला ते तिसरेच राहते. म्हणून दिसण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच ठेवावा.

आता मापांविषयी. अक्षराचे माप ठरावीक बिंदूंत देता येते, आणि वाचकाने स्वतः निवडलेल्या अक्षराच्या पटीतही देता येते. बहुतेक ब्राउझरांत हे अक्षर मुळात १६ बिंदूंचे असते. एखाद्या आजोबांनी ते २४ करून ठेवले, तर पटीत लिहिलेले सारे पान त्यांच्यासाठी दीडपट होते. ठरावीक बिंदूंत लिहिलेले पान जसेच्या तसे राहते, आणि आजोबांनी केलेली निवड पाण्यात जाते. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने सर्वांना वाचता यावे यासाठी जी तत्त्वे घालून दिली आहेत, त्यांत हेच सांगितले आहे. अक्षर दुप्पट केले तरी मजकूर वा सोय हरवू नये. ३२० बिंदू रुंदीत आडवे सरकवण्याची पाळी न येता पान मावावे. १२८० बिंदूंचा पडदा चौपट मोठा करून पाहिला असता उरते ती हीच रुंदी. आणि साध्या अक्षराचा पार्श्वभूमीशी उजेडाचा फरक निदान ४.५ ला १ असावा. पांढऱ्यावर काळे लिहिले तर तो २१ ला १ असतो; तेव्हा ही अपेक्षा अवास्तव आहे असे कोणी म्हणू नये. फिक्या करड्या अक्षरांची जी आवड हल्ली दिसते, तिला मात्र या कसोटीवर पुष्कळदा शरम वाटावी.

आतापर्यंत जे सांगितले ते कोणत्याही भाषेच्या पानाला लागू आहे. आता आपल्या लिपीची गोष्ट. जँगोचा नवा प्रकल्प सुरू केला की त्याच्या नोंदवहीत भाषा म्हणून अमेरिकन इंग्रजी आधीच लिहिलेली असते. त्यात दुष्टावा नाही. ज्या गावी चौकट जन्मली तेथली ती भाषा आहे. परंतु तीच ओळ ठेवून, वर इंग्रजीला शोभणारा तयार वेष चढवून, आत मराठी मजकूर ओतला म्हणजे काय होते? रोमन अक्षरे बहुतेक दोन रेषांच्या मध्ये नांदतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, हलन्त. ओळीची उंची इंग्रजीच्या बेताने घट्ट बांधली आणि पेटीबाहेर जाणारे कापावयास सांगितले, तर 'कीर्ती'चा रफार आणि 'पूर्तू'चा ऊकार यांवरच कात्री चालते. अक्षरांत अंतर वाढवून मथळा ऐटदार करण्याची युक्ती रोमनला शोभते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होऊन पडतात. मथळे मोठ्या लिपीत दाखवण्याची इंग्रजी रीत तर आपल्याकडे कामाचीच नाही, कारण देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. तेव्हा नुसत्या त्या भेदावर उभा असलेला मथळा मराठीत मथळा राहतच नाही.

बटणाचीही तीच कथा. इंग्रजी चार अक्षरांसाठी ठरावीक रुंदीचे कापलेले बटण 'प्रमाणपत्रासाठी अर्ज करा' एवढ्या शब्दांना पुरत नाही. मग शब्द शेवटी तोडला जातो आणि वाचकाने ओळखून घ्यावयाचे. रुंदी मजकुराने ठरू दिली तर ही अडचण निर्माणच होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे. पानाच्या माथ्यावर भाषा मराठी आहे असे लिहिले, तर ज्या टंकात तशी सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात. वाचून दाखवणारे यंत्रही, त्याला मराठी येत असेल तर, मराठी उच्चार करते. ते न लिहिले तर आपला मजकूर परक्या नावाने वावरतो. मूळ साच्यातली ही एका शब्दाची दुरुस्ती आहे, आणि ती न करण्याला आळसाखेरीज कारण नाही.

येथे कोणी विचारील, की इतका खटाटोप करण्यापेक्षा तयार वेषच का घेऊ नये? तसे वेष मिळतात. ट्विटर कंपनीत मार्क ऑटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी केलेला बूटस्ट्रॅप ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांना खुला झाला. पानाच्या रुंदीचे तो बारा समान भाग करतो. बाराला दोन, तीन, चार आणि सहा या सर्वांनी भाग जातो, त्यामुळे हवी तशी विभागणी साधते. त्याने लहान संस्थांचे फार मोठे काम केले, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना वेगळा कारागीर ठेवणे परवडत नव्हते, त्यांची पानेही फोनवर नीट दिसू लागली. तयार सदऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. तो अंगाला लावून न पाहता घालण्याबद्दल आहे.

दुसरा एक वाद या धंद्यात चालू आहे, त्याचाही न्यायाने उल्लेख करतो. जुने मत असे, की शैलीपत्रकात दिलेली नावे अर्थावरून असावीत. एखाद्या चौकोनाला 'इशारा' म्हणावे, 'लाल चौकोन' म्हणू नये. कारण उद्या रंग बदलला तर नाव खोटे ठरते. २०१७ साली आलेल्या टेलविंडने याच्या उलट वाट धरली. तो म्हणतो, लहान लहान दिसण्याचीच नावे द्या आणि ती जागच्या जागी साच्यात लिहा. म्हणजे एक ठिकाणी बदल केला असता दुसरीकडे काय मोडेल ही धास्ती राहत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या संकेतस्थळाचे शैलीपत्रक काही वर्षांनी अडगळीच्या खोलीसारखे होते, आणि त्यातली कोणतीही वस्तू काढायला कोणी धजत नाही, हे खरे आहे. आमचे मत विचाराल तर, नावे कोठल्याही पद्धतीने द्या. पण मथळ्याला मथळा, बटणाला बटण आणि यादीला यादी म्हणून लिहिण्याचे सोडू नका. मजकुराचा अर्थ शाबूत असेल तर वेष पुन्हा शिवता येतो. अर्थच वेषात विरून गेला, तर वेष उतरवल्यावर खाली काही उरत नाही.

श्रोतेहो, हा केवळ कारागिरीच्या नीतीचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली आली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बँकांच्या ओळख-पडताळणीत अंध आणि चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्तींची जी अडवणूक होते तिच्या संदर्भात निकाल देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. मांडणी बिघडली तर पान कुरूप दिसते एवढेच नव्हे, एका नागरिकाचा हक्क अडतो, असा याचा अर्थ आहे.

मग आपण नागरिकांनी काय करावे? कार्यक्रम लिहिणे आपल्याला येत नसेल. परीक्षा घेणे तर येईल. आपल्या शाळेचे, पतपेढीचे, ग्रंथालयाचे किंवा नगरपालिकेचे संकेतस्थळ उघडा आणि चार गोष्टी करून पाहा. अक्षर दुप्पट करा, आणि काही झाकले जाते का ते पाहा. पान फोनवर उघडा, आणि वाचण्यासाठी आडवे सरकवावे लागते का ते पाहा. माऊस बाजूला ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने अर्ज शेवटपर्यंत भरता येतो का ते पाहा. आणि चौथी गोष्ट, भरपूर जोडाक्षरे असलेले एखादे लांबलचक मराठी नाव आणि पत्ता त्यात लिहा, आणि अक्षरे कापली जातात का ते पाहा. पाव तासाचे काम आहे. दोष आढळला तर संबंधितांना शांतपणे लिहून कळवा. कोठे, कोणत्या फोनवर, काय झाले ते स्पष्ट लिहा. बहुधा मूळ साच्यातली किंवा शैलीपत्रकातली एखादी ओळ बदलावी लागेल, आणि ती बदलली की तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाची खिडकी उघडेल.

संस्था चालवणारे जे सभासद येथे बसले आहेत त्यांना वेगळी विनंती आहे. नवे संकेतस्थळ करून घ्याल तेव्हा रंग आणि चित्रे पसंत करण्याआधी या चार कसोट्या करारात लिहून घ्या. काम झाल्यावर दुरुस्ती करावयाची म्हटले की खर्च वाढतो आणि उत्साह आटतो. आरंभीच अट घातली तर कारागीर ती आनंदाने पाळतो, कारण साधने त्याच्या हाताशी आहेत. त्याच्याकडून ती मागणारे कोणीतरी हवे, इतकेच.

छापखान्यातल्या जुळाऱ्याने आपल्याला सुबक पुस्तके दिली, कारण वाचकांनी सुबक छपाईची मागणी केली आणि भोंगळ छपाईला नावे ठेवली. पडद्यावरच्या पानाच्या बाबतीत अजून आपण जे समोर येईल ते मुकाट्याने चालवून घेत आहोत. पान वाचकासाठी आहे. वाचकाने तसे बोलून दाखवले, तर मांडणी करणाराचे हातही त्याप्रमाणे वळतील असा आमचा विश्वास आहे.